जुन्या स्टंटपटांचा आस्वाद आणि संभाव्यतेचा प्रश्न

काही कलाप्रकार असे असतात की त्यांचा आनंद घेणारे पुष्कळ, पण तो घेतल्याचे कबूल करणारे थोडे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा महाराष्ट्रात घरोघर वाचल्या गेल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे ज्याने ऐकली नाहीत असा वाचक त्या पिढीत विरळाच. तथापि आपल्या वाङ्मयेतिहासांत ह्या पुस्तकांच्या वाट्याला आलेली जागा पाहिली, तर ती कोणी चोरून छापली आणि चोरूनच वाचली असा भावी संशोधकाचा समज व्हावा. चित्रपटाच्या क्षेत्रात हीच गत स्टंटपटांची, म्हणजे ज्यांना आपल्याकडे ‘देमार चित्रपट’ म्हणून नाक मुरडले जाई त्यांची, झाली आहे. मूकपटांचे अखेरचे दशक आणि बोलपटांची पहिली दोन दशके ह्या काळात तलवार, घोडा, मुखवटा, धावती आगगाडी, निरपराध्यावर आलेला खुनाचा आळ आणि शेवटच्या रिळात उघडा पडणारा गुन्हेगार ह्यांच्यावर उभारलेले चित्रपट मोठ्या संख्येने निघाले. त्यांचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. असे चित्रपट, आणि त्यांतही ज्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत असे चित्रपट, पाहताना जो आनंद होतो तो कोणत्या जातीचा, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे चटकन सुचतात. पहिले स्मरणरंजनाचे. जुने ते सोने वाटते, बालपणी पाहिलेले पुन्हा पाहावेसे वाटते, असे हे उत्तर सांगते. परंतु १९३१ सालचा मूकपट आज पाहणाऱ्या पंचविशीतील विद्यार्थ्याला त्या काळाची कसलीच स्मृती नसते. ज्याची आठवण नाही त्याचे रंजन स्मरणातून कसे होणार? दुसरे उत्तर उपहासाचे आहे आणि ते अधिक प्रचलित आहे. जुने चित्रपट बाळबोध असतात, त्यांतील अभिनय अतिरंजित असतो, म्हणून आपण त्यांना हसतो आणि हसण्यात सुख असते, असे ते मानते. हे हसणे प्रेक्षागृहात प्रत्यक्ष ऐकू येते, त्यामुळे ते नाकारता येत नाही. पण ते फार वेळ टिकत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. पहिल्या रिळात जे हसतात तेच पुढे एखाद्या उडीच्या वेळी श्वास रोखून बसतात. तेव्हा हसणे थांबल्यानंतर जे उरते त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार पुण्यात व्हावा ह्याला एक विशेष कारण आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. चित्रपटाविषयीची मराठी सुशिक्षितांची अभिरुची बव्हंशी ह्या कंपनीने घडविली. संतपट, पौराणिक चित्रपट, सामाजिक प्रश्नांवरील चित्रपट ही आपली प्रतिष्ठित परंपरा ठरली. (खुद्द प्रभातच्या मूकपटांच्या यादीत १९३० सालचा ‘खुनी खंजर’ आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना स्मरते?) कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्या जागेत १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. हे संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याची लॉ कॉलेज रस्त्यावरील वास्तू आणि संग्रह मात्र पुण्यातच आहेत. संग्रहालयाच्या उभारणीत ज्यांचे आयुष्य खर्ची पडले त्या पी. के. नायर ह्यांनी संग्रह करताना उत्तम, मध्यम, कनिष्ठ असा भेद मानला नाही. जे सापडेल ते आणावे, निवाडा पुढच्यांनी करावा, अशी त्यांची रीत होती. एखाद्या अभिरुचिसंपन्न समीक्षकाकडे हे काम सोपविले असते, तर आज पुढील चर्चेला विषयच उरला नसता.

‘दिलेर जिगर’ हा अगरवाल फिल्म कंपनीचा १९३१ सालचा मूकपट. ज्या वर्षी ‘आलम आरा’ने भारतीय पडद्याला वाचा दिली त्याच वर्षीचा. दिग्दर्शक जी. पी. पवार, नायकाच्या भूमिकेत हमीर आणि नायिकेच्या भूमिकेत पुढे ललिता पवार म्हणून सर्वांना माहीत झालेली अभिनेत्री. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले आणि त्यांतले पूर्ण वा जवळजवळ पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजता येतील इतके थोडे आहेत. ‘दिलेर जिगर’ त्या थोड्यांपैकी एक आहे. तो श्रेष्ठ म्हणून उरला असे नव्हे, तर उरला म्हणून उरला. त्याच्या काळी तो इतर अनेकांसारखाच एक होता, आणि आपल्या दृष्टीने हेच त्याचे महत्त्व. हिमालयाचे शिखर पाहून पर्वताची कल्पना येते, परंतु पायाखालची जमीन कशी होती हे कळावयास साधा दगडच हाती यावा लागतो.

कथा अशी की, दुष्ट भाऊ राजाचा घात करवून सिंहासन बळकावतो. राजाचा मुलगा आपले कुळ न जाणता वाढतो आणि रस्त्यावर कसरतीचे खेळ करून पोट भरतो. त्याच्या जोडीला सारंगा नावाची तरुणी असते. पुढे राजसत्तेशी संघर्ष होतो, सारंगा मुखवटा चढवून तलवार हाती घेते आणि अखेर राज्य योग्य वारसाला मिळते. अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स ह्याच्या ‘झोरो’च्या चित्रपटाची छाया येथे स्पष्ट दिसते. कथेत नवे काहीच नाही. आजीच्या गोष्टींतला राजपुत्र आणि परदेशी चित्रपटातला मुखवटा ह्यांची ती सांगड आहे. ह्या कथेवर विश्वास ठेवणारा प्रेक्षक १९३१ सालीही फारसा नसावा.

तरीही चित्रपट आपल्याला धरून ठेवतो. रस्त्यावरचा खेळ चालू असताना आपण राजपुत्र पाहत नाही, अंग पाहतो. शरीर वळते, झेपावते, तोल जातो असे वाटता वाटता सावरते. येथे छायालेखकाला काही लपवावयाचे नाही, कारण लपविण्याची साधनेच त्याच्यापाशी थोडी आहेत. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ह्या दृश्यांची ओळख पटावयास वेळ लागत नाही. डोंबाऱ्याचा दोर, बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत नावारूपाला आणलेला मल्लखांब, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली उभी केलेली सर्कस आणि कोल्हापुरातल्या तालमी ह्या सर्वांचे अंगवळण येथे पडद्यावर उतरले आहे. मास्टर विठ्ठल हे ह्या परंपरेतले सर्वांत गाजलेले नाव. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ते मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेले, तलवारबहाद्दर नायक म्हणून मूकपटांत त्यांनी अफाट लोकप्रियता मिळविली आणि ‘आलम आरा’चे नायकही तेच झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांतील त्यांच्या तलवारीची कल्पनाही आपल्याला मुख्यतः छायाचित्रे आणि जाहिराती ह्यांवरूनच करावी लागते.

हसण्याविषयी एक तांत्रिक गोष्ट येथे नोंदविणे जरूर आहे. मूकपटांचा कॅमेरा पुष्कळदा हाताने फिरविला जाई आणि सेकंदाला सोळा ते वीस चौकटी हा त्याचा साधारण वेग असे. ध्वनीबरोबर चोवीस चौकटींचा वेग रूढ झाला. जुना मूकपट ह्या नव्या वेगाने दाखविला की माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे तुरुतुरु चालू लागतात आणि प्रेक्षागृह हसू लागते. म्हणजे आपण ज्याला त्या काळाचा बाळबोधपणा समजतो त्यातला काही भाग आपल्याच यंत्राने निर्माण केलेला असतो. मारामारी गतिमान दिसावी म्हणून कॅमेरा मुद्दाम सावकाश फिरविण्याची युक्ती त्या काळी होती, हे खरे. पण ती जाणून केलेली युक्ती होती. योग्य वेगाने पाहिलेला मूकपट हास्यास्पद वाटत नाही, एवढे पाहणाऱ्याने स्वतः पडताळून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांत पहिला मान संभावनाविरहाला दिला आहे. जे घडणे शक्यच वाटत नाही त्यात मन गुंतत नाही, आणि मन गुंतले नाही तर रस कुठला? त्याने ह्यावर तोडही सांगितली आहे. सामान्य व्यवहार दाखवावयाचा असेल तर लोकांच्या परिचयाचा विषय घ्यावा. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची असतील तर रामासारख्या विख्यात पुरुषाचे नाव घ्यावे. त्या नावाच्या अखंड प्रसिद्धीमुळे मनात आधीच विश्वास रुजलेला असतो आणि समुद्रावर बांधलेला सेतूही खटकत नाही.

हे सूत्र आपल्या चित्रपटाला लावून पाहावे. ‘अयोध्येचा राजा’, ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ ह्या प्रभातच्या चित्रपटांमागे हरिश्चंद्र, द्रौपदी, तानाजी ह्यांची प्रसिद्धी उभी आहे. सिंहगडाचा कडा चढताना पडद्यावर जे काही दिसते त्याच्या कितीतरी पट अधिक प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असते. स्टंटपटाला हा आधार नाही. सारंगा कोण? ती कोणत्याच पुराणात वा बखरीत नाही. कृत्ये लोकोत्तर आणि नावे मात्र अनामिक, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे. शास्त्राप्रमाणे येथे रसभंग ठरलेलाच. पण तो होत नाही, हा अनुभव आहे. आणि अनुभव व शास्त्र ह्यांच्यात विरोध आला की शास्त्राचे कोणते पद ताणून पाहावे हे ठरविणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

माझ्या मते उत्तर असे आहे. स्टंटपटात संभाव्यता कथेकडून निघून देहाकडे गेलेली असते. राजपुत्र खोटा, सिंहासन पुठ्ठ्याचे, परंतु उडी खरी. ‘हे असे घडेल काय?’ हा प्रश्न विचारावयाला जागाच राहत नाही, कारण ते कॅमेऱ्यासमोर घडले आहे. प्रसिद्धीने जे काम रामकथेत केले ते येथे प्रत्यक्ष प्रमाणाने केले. आणि चित्रपट जितका अप्रसिद्ध तितके हे अधिक स्पष्ट दिसते, कारण गाजलेल्या चित्रपटात नटाचे नावच हळूहळू रामनामासारखे काम करू लागते. ‘हंटरवाली’नंतर नादिया पडद्यावर आली की ती जिंकणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असे. ‘दिलेर जिगर’च्या हमीरपाशी आज तेवढीही पुंजी नाही. आपण त्याच्याविषयी काहीच जाणत नाही. पडद्यावर तो जे करतो तेवढाच तो आहे.

हे विलक्षण वाटत असेल त्यांनी आपल्या संगीत रंगभूमीचा विचार करावा. बालगंधर्व उतारवयातही तरुण नायिकेच्या वेषात उभे राहत आणि प्रेक्षक त्यांच्या तारुण्याविषयी शंका घेत नसत. डोळ्यांना जे पटण्यासारखे नव्हते ते कानांनी पटवून घेतले होते. गळा खरा होता. बाकीच्या खोटेपणाला त्या खरेपणाने आपल्या पदराखाली घेतले. ह्या व्यवहारावर आपण पिढ्यान्पिढ्या प्रेम केले आणि त्याची मीमांसाही केली. गळ्याला आपण जी प्रतिष्ठा दिली ती अंगाला दिली नाही, एवढाच काय तो फरक. गळा दिवाणखान्यात आला, अंग सर्कशीच्या तंबूबाहेर उभे राहिले.

नादियाचा उल्लेख आला आहे तर ‘मिस फ्रंटियर मेल’ ह्या १९३६ सालच्या वाडिया मूव्हीटोनच्या चित्रपटाकडे थोडे सविस्तर पाहू. हा अगदीच विस्मृतीत गेलेला नाही, पण ‘हंटरवाली’ (१९३५) हे नाव जितके लोकांच्या तोंडी आहे तितका तो चित्रपट परिचित नाही. शिवाय गुन्ह्याची कथा म्हणूनही तो पाहण्यासारखा आहे. मुंबई आणि पेशावर जोडणारी फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली होती आणि तिच्या वेगाची कीर्ती ताजी होती. जे. बी. एच. वाडिया हे एम. ए. झालेले, राजकारणात पुढे मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या विचारांकडे ओढले गेलेले गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू होमी दिग्दर्शक. ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि सर्कशीत काम केलेली मेरी इव्हान्स ऊर्फ नादिया येथे एका स्टेशनमास्तरची मुलगी सविता झाली आहे. बापावर खुनाचा आळ येतो. त्यामागे ‘सिग्नल एक्स’ हे नाव धारण करणारा मुखवट्याआडचा गुन्हेगार असतो. त्याचा उद्देश ऐकण्यासारखा आहे: विमानवाहतुकीचा धंदा वाढावा म्हणून रेल्वेचे अपघात घडवून आणावयाचे. मुखवटा उतरल्यावर तो सविताचा चुलताच निघतो.

रहस्यकथेच्या दृष्टीने हे रहस्य कच्चे आहे. अर्नाळकरांच्या वाचकाने ते पहिल्या अर्ध्या तासातच ओळखले असते. परंतु गुन्ह्याचा हेतू भावकीच्या वैराबरोबर दोन वाहनांच्या स्पर्धेतही शोधणारा कथाकार आपल्या काळाकडे डोळे उघडे ठेवून पाहत होता, हे मान्य करावे लागेल. आणि नंतर नादिया धावत्या गाडीच्या टपावर चढते. तिचे हिंदी उच्चार परके आहेत, चेहऱ्यावरचे भाव मोजके आहेत, सविता नावाची स्टेशनमास्तरची मुलगी अशी दिसावी हे कोणालाही पटणार नाही. संवाद चालू असेतो संभावनाविरह पदोपदी जाणवतो. टपावर मारामारी सुरू होते आणि तो नाहीसा होतो. गाडी धावत असते, अंगातले कपडे वाऱ्याने फडफडतात, तोल सावरण्यासाठी हात बाहेर जातात. त्या क्षणी उच्चार कोणाचे आणि गोत्र कोणते, हे विचारावे असे मनातही येत नाही.

पण हा केवळ तादात्म्याचा आनंद नव्हे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर ह्यांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो आणि त्याच वेळी आपण आपणच आहो हे भानही राखतो. ह्या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा त्या कल्पनेचा आशय. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली आणि रसचर्चेच्या भरात ती मागेही पडली. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ती पुन्हा काढून पाहण्यासारखी आहे. स्टंटपट पाहताना आपले भान दुहेरी असते, पण वेगळ्या प्रकाराने. आपण सविताच्या जिवाला भितो, आणि नादियाच्याही जिवाला भितो. पहिली भीती लटकी, कारण कथेत ती वाचणारच. दुसरी खरी, जरी नादिया त्या प्रसंगातून सुखरूप पार पडून १९९६ सालापर्यंत जगली हे आपणास ठाऊक असले तरी. कथेतल्या पात्राशी तादात्म्य आणि समोरच्या माणसाविषयी काळजी, असे हे दोन पदर आहेत. केळकरांच्या वाचकापाशी दुसरा पदर नव्हता, कारण कादंबरीतल्या नायिकेला नादियासारखा देह नसतो.

येथून आणखी एक पाऊल पुढे टाकले की आपण रससिद्धांताच्या कक्षेबाहेर पडतो. अभिनवगुप्ताच्या मते देशकालाच्या विशेषात मन अडकणे हेही विघ्नच. राम हा अमुक काळचा, अमुक देशचा म्हणून नव्हे, तर सर्वांचा होऊन अनुभवास आला पाहिजे, तेच साधारणीकरण. जुना अप्रसिद्ध चित्रपट पाहणाऱ्याची अवस्था बरोबर ह्याच्या उलट आहे. त्याला विशेषातच रस असतो. १९३० च्या आसपासची एखादी वाट, तिच्या कडेने उभी असलेली बघ्यांची रांग, घोड्याचा लगाम, गाडीच्या इंजिनाची वाफ, मागून चाललेला आणि चित्रपटाशी काही संबंध नसलेला कोणी माणूस, ह्या गोष्टींनी तो हरखून जातो. मोठ्या चित्रपटात प्रत्येक वस्तू अर्थाच्या चाकरीत असते. फत्तेलालांनी उभारलेल्या देखाव्यात चुकून आलेले काही सापडणे कठीण. गरीब स्टंटपटाला नेपथ्य परवडत नाही. तो मोकळ्या जागी जातो आणि न मागता जग बरोबर घेऊन येतो. ह्याला रस म्हणावे काय, असे कोणी विचारले तर मी आग्रह धरणार नाही. कुतूहल म्हणा, इतिहासाचा स्पर्श म्हणा. परंतु नाव नाही म्हणून आनंद नाही असे ठरत नाही.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या चित्रपटांपैकी पुष्कळ कंटाळवाणे आहेत. तोच तो पाठलाग आणि तीच ती तटबंदी पुन्हा पुन्हा येते. विनोदी नोकराचे तेच चाळे असतात. अप्रसिद्ध आहे म्हणून ते गुणी, असे उलटे सोवळे पाळण्यात अर्थ नाही. ‘मिस फ्रंटियर मेल’च्याच वर्षी, १९३६ साली, पुण्यात प्रभातने ‘अमर ज्योती’ हा चित्रपट काढला. त्यातही बंडखोर स्त्री आहे. मुलाचा ताबा न्यायाने नाकारला म्हणून सौदामिनी चाचेगिरीकडे वळते आणि सत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. दुर्गाबाई खोट्यांची ती भूमिका आणि शांतारामांचे दिग्दर्शन ह्यांच्याशी तुलना करता वाडियांचा चित्रपट कलाकृती म्हणून उणा आहे ह्याविषयी मला संशय नाही. सौदामिनीच्या बंडामागे विचार आहे. तिची तलवार म्हणजे तिच्या युक्तिवादाचेच पुढचे वाक्य. सविताच्या ठोशामागे ठोसाच आहे. पण ‘अमर ज्योती’विषयी बोलावयास आपल्यापाशी शब्द तयार आहेत, ठोशाविषयी नाहीत, आणि शब्द नाहीत म्हणून आपण त्याला मोल नाही असे समजत आलो. ही उणीव त्या चित्रपटाची नसून आमची आहे.

ह्या समजुतीचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले, ते वाडियांच्या स्टुडिओच्या जागेत. त्याच वर्षी होमी वाडियांनी ‘बसंत’ ही वेगळी संस्था काढली आणि देमार चित्रपट पुढे चालू ठेवले. जागेने कूस पालटली. अभिरुचीही तशीच पालटत होती. भगवान आबाजी पालव, म्हणजे सर्वांचे भगवानदादा, ह्यांनी १९३८ पासून कामकरी प्रेक्षकांसाठी स्वस्तातले स्टंटपट काढले. आज त्यांचे नाव १९५१ च्या ‘अलबेला’मुळे, त्यातल्या गाण्यांमुळे आणि नाचामुळे राहिले आहे. आधीचे स्टंटपट बहुतांशी गेले. जुन्या नायट्रेट फिती चटकन पेट घेणाऱ्या. त्यांतली चांदी काढून घेण्यासाठीही त्या विकल्या जात. चित्रपटगृहांतून उतरलेला स्टंटपट जपून ठेवावा असे कोणाला वाटणार? २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्याही मूळ फिती तीत नष्ट झाल्या. म्हणजे प्रतिष्ठेनेही आग टळत नाही. पण ‘संत तुकाराम’ आपण आजही पाहू शकतो, कारण त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात असे वेळीच कोणाला तरी वाटले होते. असे वाटणे आणि न वाटणे ही समीक्षेचीच कृती असते, मग ती कोणी लिहून ठेवो वा न ठेवो.

देहाच्या खरेपणातून ह्या चित्रपटांची गोडी येते असे वर म्हटले. त्या खरेपणाची दुसरी कड ललिता पवार ह्यांच्या आयुष्यात दिसते. येवल्यास १९१६ साली जन्मलेली ही मुलगी बालवयातच पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत कामाला लागली. ‘दिलेर जिगर’च्या वेळी ती पंधरा वर्षांच्या आसपासची होती. पुढे नायिका म्हणून तिची वाटचाल चालू असता १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगी भगवानदादांना तिच्या थोबाडीत मारावयाची होती. लटकी बसावयाची ती खरीच बसली. चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला, उपचारांत वर्षे गेली आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्यानंतर त्या डोळ्यानेच तिला खाष्ट सासू, कारस्थानी नणंद अशा भूमिकांत अढळ स्थान मिळवून दिले, आणि आपल्या दोन पिढ्यांनी तिला तशीच पाहिली.

ज्या कलाप्रकारात ठोसा खरा असतो त्याचा आनंद घेताना हा हिशेबही पाहणाऱ्याजवळ असावा. बाल्कनीत बसून ‘काय उडी मारली!’ म्हणणे सोपे असते. ती उडी मारणाऱ्यांपैकी किती जण लंगडत घरी गेले ह्याची नोंद कोणत्याही श्रेयनामावलीत नसते. हे लक्षात आल्याने माझा आनंद कमी झाला असे मी म्हणणार नाही, पण तो पहिल्यासारखा निर्धास्त राहिला नाही. ‘दिलेर जिगर’ पाहताना कथा विसरली जाते, सिंहासन कोणाला मिळाले हेही चित्रपट संपल्यावर नीट आठवत नाही. मुखवटा चढविण्यापूर्वीच्या सारंगाचा चेहरा तेवढा लक्षात राहतो. खेळ संपवून ती जमलेल्या गर्दीकडे पाहते तेव्हा तिचे दोन्ही डोळे सारखेच उघडे आहेत.